गाळणी : पुस्तकसूचीच्या पानांवर इव्हेंट आवरण्याचं काम – प्रकल्प नोंदी

३ जून

बडोद्यातल्या मराठी वाचनालयाची पुस्तकसूची आता ब्राउझरवर आहे. मराठी, गुजराती आणि इंग्रजी पुस्तकं एकाच यादीत. पानं चार: वाचकांची शोधपेटी, पुस्तकांची लांब यादी, काउंटरवरचं देवघेवीचं पान आणि नव्या पुस्तकांचा नोंदणी फॉर्म. चारही पानांचं दुखणं सारखंच. ब्राउझर ज्या वेगानं इव्हेंट (कळ दाबली, पान सरकलं, टिचकी बसली अशा घटनांची खबर) पाठवतो त्या वेगानं दर वेळी काम करायला गेलं की एकतर पान अडखळतं, नाहीतर सर्व्हरवर वायफळ रिक्वेस्टचा मारा होतो.

शब्द आधी पक्के करून ठेवू, नाहीतर पुढे घोळ होतो. डिबाउन्स म्हणजे गडबड थांबल्यावर एकदा काम. थ्रॉटल म्हणजे गडबड चालू असतानाच ठरावीक अंतरानं काम. डिबाउन्स हा शब्द इलेक्ट्रॉनिक्समधून आला: बटण दाबलं की आतली पट्टी काही मिलिसेकंद उडत राहते आणि एका दाबाचे अनेक दाब मोजले जातात, ते मोडून एक करणं म्हणजे डिबाउन्स.

किती मिलिसेकंद, हा प्रश्न मागाहून. आधी प्रत्येक पानासमोर लिहून ठेवायचं की कोणता इव्हेंट गळला तरी चालेल आणि कोणता गळता कामा नये. तीन पानांसमोर एकच उत्तर लिहिलं गेलं: मधले गळू देत, शेवटचा गळता कामा नये. शोधपेटीत शेवटचं अक्षर, यादीत शेवटची जागा, फॉर्ममध्ये शेवटचा बदल. काउंटरवर मात्र शेवटचं पुस्तक जपून पुरत नाही. तिथे तर मधलंही एक गळून चालणार नाही. तपासणी याच प्रश्नावर होईल.

सुरुवात लोडॅश या जावास्क्रिप्ट लायब्ररीतल्या (तयार फंक्शनांच्या संग्रहातल्या) डिबाउन्स आणि थ्रॉटलनं. ते पक्कं काम आहे, उगाच नवं लिहायचं कारण आज तरी नाही.

५ जून

शोधपेटीला २५० मिलिसेकंदांचा डिबाउन्स लावला. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर ‘पुस्तक’ लिहायला सहा कळा लागतात: प, उकार, स, हलन्त, त, क. म्हणजे सहा इनपुट इव्हेंट. दोन कळांमध्ये १८० मिलिसेकंदांचं अंतर धरलं तर शेवटची कळ ९०० व्या मिलिसेकंदाला पडते आणि रिक्वेस्ट एकच, ११५० ला जाते. तेच अंतर ३०० झालं तर प्रत्येक अक्षराला टायमर वाजतो आणि सहाच्या सहा रिक्वेस्ट जातात. थांबा, म्हणजे डिबाउन्स वाट बघतो तो वेळ, हा लिहिणाऱ्याच्या दोन कळांमधल्या अंतराहून मोठा हवा, एवढंच त्याचं गणित. इनस्क्रिप्टमध्ये ख, घ, छ, झ यांना शिफ्ट धरावा लागतो, त्यामुळे तिथे अंतर आपोआप वाढतं. इंग्रजी टायपिंगवरून ठरवलेले १५० मिलिसेकंद इथे कमी पडतात.

पहिला दोष लगेच सापडला. हँडलरमध्ये (इव्हेंट आला की चालणाऱ्या फंक्शनमध्ये) इव्हेंटचा करंटटार्गेट, म्हणजे हँडलर ज्यावर लावला तो घटक, वाचला होता आणि टायमर वाजल्यावर तो नल, म्हणजे रिकामा निघाला. ब्राउझर इव्हेंट पोहोचवून झाला की करंटटार्गेट पुसून टाकतो. टार्गेट, म्हणजे इव्हेंट जिथे घडला तो घटक, टिकतो, पण पेटीच्या आत एखादं आयकॉन असेल तर टार्गेट भलताच असू शकतो. उपाय: इव्हेंट आत न्यायचाच नाही. डिबाउन्सबाहेरच मूल्य वाचायचं आणि तेवढं एक मूल्य आत पाठवायचं. तसं केलं की ‘धिस’ (फंक्शन कोणाच्या वतीनं चाललंय ते सांगणारा शब्द) कुठे बांधला गेला याचीही चिंता राहत नाही.

६ जून

नोंदणी फॉर्म रिॲक्ट या लायब्ररीत लिहिला आहे; तिथे पान कंपोनंट नावाच्या तुकड्यांचं बनतं. तिथे डिबाउन्स कंपोनंटच्या अंगात तयार होत होता. प्रत्येक अक्षराला कंपोनंट पुन्हा रंगतो, प्रत्येक रंगकामात नवा डिबाउन्स जन्माला येतो, प्रत्येकाचा टायमर वेगळा. परिणाम फसवा असतो: रिक्वेस्ट उशिरा जातात, म्हणून डिबाउन्स चालू आहे असं वाटतं, नेटवर्कचा टॅब उघडला की सहा अक्षरांच्या सहा रिक्वेस्ट दिसतात, सगळ्या २५० मिलिसेकंद मागे. डिबाउन्स एकदाच तयार करून रेफमध्ये (पुन्हा रंगवलं तरी टिकणाऱ्या जागेत) ठेवला, कंपोनंट जाताना कॅन्सल, म्हणजे थांबलेलं काम रद्द करणारं फंक्शन, बोलावला.

साध्या पानांवरही तीच काळजी. लिसनर (इव्हेंट ऐकायला जोडलेलं फंक्शन) काढताना नव्यानं गुंडाळलेलं फंक्शन दिलं तर ब्राउझर काहीच काढत नाही आणि तक्रारही करत नाही. आता लिसनर जोडताना सिग्नल देतो. सिग्नल ज्याचा असतो तो ॲबॉर्टकंट्रोलर (काम मध्येच थांबवण्याची ब्राउझरची सोय) एकदा थांबवला की त्याला बांधलेले सगळे लिसनर सुटतात. मात्र आधीच लावलेला टायमर त्यानं सुटत नाही, म्हणून कॅन्सल वेगळा बोलवावाच लागतो.

९ जून

आजचा दिवस कॉम्पोझिशनचा, म्हणजे पक्का होण्याआधी शब्द कच्चा असतो त्या अवस्थेचा. मराठीत काम करणाऱ्यांनी हा भाग टाळून चालणार नाही.

इनस्क्रिप्ट अक्षरं थेट पाठवतो. उच्चारावर चालणारे कीबोर्ड, म्हणजे इंग्रजी अक्षरं दाबून मराठी शब्द उमटवणारे, तसं करत नाहीत. शब्द कच्चा असताना ते कॉम्पोझिशनस्टार्ट, मग प्रत्येक बदलाला कॉम्पोझिशनअपडेट आणि शब्द पक्का झाला की कॉम्पोझिशनएंड पाठवतात. मधल्या इनपुट इव्हेंटवर इझकॉम्पोझिंग (शब्द अजून कच्चा आहे का, हे सांगणारा गुणधर्म) खरं असतं.

जिथे तिथे मिळणारा सल्ला असा: इझकॉम्पोझिंग खरं असेल तर इव्हेंट सोडून द्या. तो तसाच लावला आणि क्रोममध्ये शोध मेला. कारण इव्हेंटच्या क्रमात आहे. क्रोममध्ये शेवटचा इनपुट कॉम्पोझिशनएंडच्या आधी येतो आणि त्यावर इझकॉम्पोझिंग अजून खरंच असतं. त्यानंतर दुसरा इनपुट येतच नाही. फायरफॉक्समध्ये कॉम्पोझिशनएंडनंतर एक इनपुट येतो आणि त्यावर इझकॉम्पोझिंग खोटं असतं. म्हणजे एकाच कोडवर फायरफॉक्समध्ये शोध चालतो आणि क्रोममध्ये नेमका शेवटचा शब्द गळतो. तपासणी फायरफॉक्समध्येच झाली असती तर हे कळलंही नसतं.

दुरुस्ती: इनपुट आणि कॉम्पोझिशनएंड दोन्ही ऐकायचे, दोन्ही एकाच डिबाउन्समध्ये सोडायचे. फायरफॉक्समध्ये त्यामुळे दोन कॉल होतात, पण ते एकाच थांब्यात विरघळतात. क्रोममध्ये एक होतो आणि पुरतो.

एंटरचंही बघावं लागलं. काही कीबोर्डांत एंटर हा शब्द निवडण्यासाठी दाबतात, शोधण्यासाठी नाही. कीडाउनवर (कळ दाबल्याच्या इव्हेंटवर) इझकॉम्पोझिंग तपासलं. सफारीत मात्र हा कीडाउन कॉम्पोझिशनएंडनंतर येतो, तेव्हा इझकॉम्पोझिंग खोटं सांगतं. तिथे कीकोड २२९ (कळ शब्द घडवण्यात वापरली गेली याची खूण) आहे का हेच बघावं लागतं. कीकोड जुना आणि बाद ठरवलेला गुणधर्म आहे, तरी या एका जागी तो ठेवला आहे. कोडमध्ये शेजारी कारण लिहिलं आहे, कोणी साफसफाईच्या भरात काढू नये म्हणून.

११ जून

अँड्रॉइडवर परवाचा सल्ला मुळातच लागू पडत नाही. जीबोर्डवर (गूगलच्या फोन-कीबोर्डवर) जवळजवळ प्रत्येक शब्द कॉम्पोझिशनमध्येच लिहिला जातो, इंग्रजीसुद्धा. शब्द पक्का होतो तो स्पेस दिल्यावर किंवा सुचवलेला शब्द निवडल्यावर. शोधपेटीत स्पेस कोण देतं? ‘बडोदे’ लिहून वाचक थांबतो आणि पान गप्प बसतं. चिनी आणि जपानी लेखनात कच्चा शब्द शोधण्यात अर्थ नसतो, तिथे थांबणं बरोबर. मराठीत ‘बडो’ एवढंही शोधण्याजोगं आहे.

मग पहिला नियम केला: कच्च्या मजकुरात देवनागरी किंवा गुजराती असेल तर शोधा, रोमन असेल तर थांबा, कारण उच्चारावर चालणाऱ्या काही कीबोर्डांत शब्द निवडेपर्यंत पेटीत रोमन अक्षरं दिसतात. लिपी ओळखायला रेगेक्समधला (मजकुराचे नमुने ओळखणाऱ्या सूत्रांमधला) स्क्रिप्ट गुणधर्म पुरतो, त्याला यू किंवा व्ही फ्लॅग लागतो. नियम दुपारपर्यंत टिकला. सूचीत इंग्रजी पुस्तकंही आहेत, फोनवर त्यांचा शोध पुन्हा गप्प झाला.

म्हणून अडवणं बंद केलं, थांबा बदलणं सुरू केलं. कच्चा मजकूर रोमन असेल तर ६०० मिलिसेकंद: मराठी शब्द निवडायला वेळ मिळतो आणि इंग्रजी शोध जरा उशिरा का होईना, होतो. देवनागरी किंवा गुजराती असेल तर २५०. मजकूर हलन्तावर संपत असेल तर ५००, कारण ‘पुस्’ नंतर पुढचं अक्षर येणारच. पण कोणी ‘अर्थात्’ लिहून खरंच थांबला तर त्याचाही शोध झाला पाहिजे, म्हणून कायमचं अडवायचं नाही.

लोडॅशमध्ये थांबा फंक्शन तयार करतानाच ठरतो, नंतर प्रत्येक कॉलला बदलत नाही. स्वतःची लायब्ररी लिहायला हेच एक कारण पुरेसं आहे. नाव ‘गाळणी’. डिबाउन्सला थांबा म्हणून आकडा द्या किंवा फंक्शन द्या. फंक्शन दिलं तर प्रत्येक कॉलला जुना टायमर पुसून नव्या थांब्याचा लावला जातो. लोडॅशप्रमाणेच कॅन्सल आणि फ्लश (थांबलेलं काम लगेच उरकणारं) ठेवले. कमाल थांबाही (इतक्या वेळात एकदा तरी काम व्हायलाच हवं ती मर्यादा) ठेवला, पण शोधपेटीला तो लावलेला नाही. एकसारखं लिहिणाऱ्याला मधलेच निकाल दाखवून काही साधत नाही.

१२ जून

मागच्या शोधाइतकाच मजकूर असेल तर रिक्वेस्ट जाऊ नये, अशी तुलना घातली. तुलना चुकत होती, कारण दिसायला सारखं आणि आतून वेगळं. ‘वडोदऱ्यात’ मधला ऱ्य दोन तऱ्हांनी लिहिला जातो: ऱ, हलन्त, य; किंवा र, हलन्त, झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं न दिसणारं चिन्ह), य. तसंच ॲ एकसंध अक्षर म्हणूनही येतो आणि अ वर चंद्र देऊनही. नॉर्मलाइझ एनएफसी (युनिकोडची अक्षरं ठरलेल्या एका रूपात आणणं) केल्यानं नुक्ता वेगळा आलेला र एकसंध ऱ होतो, पण झेडडब्ल्यूजेचा प्रकार आणि ॲ चा प्रकार तो जुळवत नाही. दोन्हींसाठी हाती बदल लिहिले. तुलना, कॅशेची (जपून ठेवलेल्या निकालांची) किल्ली आणि सर्व्हरवरची अनुक्रमणिका या तिन्हींना एकच फंक्शन, नाहीतर दुरुस्ती एकीकडे आणि चूक दुसरीकडे.

१४ जून

रिक्वेस्ट कमी झाल्या म्हणजे उत्तरं क्रमानं येतात असं नाही. ‘सया’ची रिक्वेस्ट आधी गेली, ‘सयाजी’ची नंतर. पहिलीचे निकाल जास्त, म्हणून ती मागाहून पोचली आणि पेटीत ‘सयाजी’ असताना खाली ‘सया’ची यादी रंगली. डिबाउन्सनं हे प्रमाण घटतं, पण जात नाही.

दोन पातळ्यांवर बंदोबस्त. नवी रिक्वेस्ट काढताना जुनीचा ॲबॉर्टकंट्रोलर थांबवायचा. तेव्हा फेच (रिक्वेस्ट पाठवणारं फंक्शन) जो ॲबॉर्टएरर फेकतो तो चूक म्हणून दाखवायचा नाही. शिवाय प्रत्येक रिक्वेस्टला चढता क्रमांक, आणि रंगवण्याआधी क्रमांक अजून शेवटचाच आहे का हे बघायचं. दुसरी पातळी लागते, कारण उत्तर येऊन त्याचं जेसन वाचून झाल्यावर मध्ये काही वेळखाऊ काम असेल तर तिथे ॲबॉर्ट पोहोचत नाही. ॲबॉर्ट केल्यानं सर्व्हर काम थांबवतोच असंही नाही, म्हणून सर्व्हरवरची मर्यादा वेगळी राहील: ४२९ (‘फार रिक्वेस्ट आल्या’ असं सर्व्हरचं उत्तर) आला की त्यासोबतच्या रिट्राय-आफ्टरमध्ये सांगितलेला वेळ पाळायचा.

सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून बडोदा संस्थानात सार्वजनिक वाचनालयांची व्यवस्था उभी केली. त्या गावातल्या सूचीनं वाचकाला दुसऱ्याच शब्दाचे निकाल दाखवणं मनाला पटत नाही. हा दोष किरकोळ म्हणून मागे टाकलेला नाही.

आणखी एक गोष्ट याच जागी. डिबाउन्समुळे काम पुढे ढकललं जातं, हलकं होत नाही. टायमर वाजल्यावर ४०० ओळी एकदम रंगवल्या तर त्याच क्षणी दाबलेली पुढची कळ अडकते. आयएनपी (कळ किंवा टिचकीनंतर पान किती वेळात बदल दाखवतं) हे माप १२ मार्च २०२४ पासून गूगलच्या कोअर वेब व्हायटल्समध्ये (पानांच्या दर्जाच्या मुख्य मापांमध्ये) आहे आणि २०० मिलिसेकंदांच्या आत असेल तर चांगलं धरतात. अडकलेली कळ त्यात सरळ मोजली जाते. म्हणून पहिल्या ४० ओळीच रंगवायच्या, बाकीच्या यादी खाली सरकेल तशा.

१७ जून

यादी. इथे बरंच सामान्यज्ञान जुनं झालेलं निघालं.

२०११ साली ट्विटरचं पान स्क्रोल करताना अडकू लागलं, तेव्हा जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीचे कर्ते जॉन रेसिग यांनी लिहिलं की स्क्रोलच्या हँडलरमध्ये थेट काम करू नका. फक्त खूण करा आणि दर २५० मिलिसेकंदांनी ती खूण बघा. थ्रॉटलचा प्रसार व्हायला त्या लेखाचा मोठा हात. पण आजचा ब्राउझर एका फ्रेममध्ये (पडदा रंगवण्याच्या एका फेरीत) स्क्रोल इव्हेंट एकदाच पाठवतो. एचटीएमएल मानकात क्रम ठरलेला आहे: रिसाइझ, मग स्क्रोल, मग रिक्वेस्टॲनिमेशनफ्रेमची (रंगवण्याआधी चालवायला सांगितलेली) फंक्शनं, मग स्टाइल आणि लेआउट. ६० हर्ट्झच्या पडद्यावर फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, १२० हर्ट्झवर ८.३ ची. म्हणजे स्क्रोलला रिक्वेस्टॲनिमेशनफ्रेमनं आवरण्यात कॉल मुळीच कमी होत नाहीत; हँडलर एकदा, फ्रेमचं फंक्शन एकदा, हिशेब तोच. क्रोम ६० पासून माउसमूव्ह आणि पॉइंटरमूव्हही फ्रेमला बांधलेले आहेत. मधल्या जागा हव्या असतील, चित्र काढण्यासाठी वगैरे, तर पॉइंटरमूव्हच्या गेटकोॲलेस्डइव्हेंट्समधून मिळतात.

फ्रेमचा उपयोग एका ठिकाणी राहतो: स्क्रोल, रिसाइझ आणि मुखपृष्ठाचं चित्र येणं, या तिघांना एकाच फ्रेममध्ये तेच रंगकाम हवं असेल तर ते एकत्र करायला. गाळणीत ‘फ्रेमला’ नावाचं फंक्शन त्यासाठीच आहे. त्यातही आधी सगळी मापं वाचायची, मग लिहायचं. ऑफसेटटॉप (घटक वरून किती खाली आहे ते) वाचणं, स्टाइल लिहिणं, पुन्हा ऑफसेटटॉप वाचणं, असं लूपमध्ये झालं की दर फेरीला लेआउट नव्यानं मोजला जातो. तिथे थ्रॉटल लावून फक्त दुखणं विरळ होतं.

पुढच्या ४० ओळी आणायला स्क्रोल ऐकणंच सोडलं. यादीच्या शेवटी रिकामा घटक, त्यावर इंटरसेक्शनऑब्झर्व्हर (घटक दिसू लागला की सांगणारी सोय), रूटमार्जिन (घटक किती आधी दिसला असं धरायचं) खाली ६०० पिक्सेल. एक खाच: घटक दिसत असतानाच नवीन ओळी आल्या आणि त्या कमी उंचीच्या असल्या तर घटक दिसतच राहतो आणि ऑब्झर्व्हर पुन्हा बोलत नाही, कारण तो बदल झाल्यावरच बोलतो. ओळी जोडून झाल्यावर ऑब्झर्व्ह काढून पुन्हा लावला.

वाचन कुठवर आलं हे लक्षात ठेवायला मात्र थ्रॉटल हवा, १०० मिलिसेकंदांचा. गाळणीतला असा (धाव म्हणजे काम एकदा होणं):

उरले = अंतर − (आत्ता − मागची धाव)
उरले शून्य किंवा कमी: लगेच धाव, मागची धाव = आत्ता
नाहीतर: नवं मूल्य जपून ठेव, टायमर लागलेला नसेल तर ‘उरले’ इतक्या वेळाचा लाव

कॉल ०, ३०, ६०, ९०, १२०, १५० या मिलिसेकंदांना आले असं धरा. धाव ० ला होते, १०० ला होते (९० चं मूल्य घेऊन) आणि २०० ला होते (१५० चं मूल्य घेऊन). शेवटची धाव करणारा हा टायमर काढून टाकला तर धाव ० आणि १२० ला होते आणि १५० ची जागा कायमची गळते: वाचक परत येतो तेव्हा यादी थोडी वर उघडते. लोडॅशच्या थ्रॉटलमध्ये शेवटची धाव मुळात चालू असते, आरएक्सजेएस या दुसऱ्या लायब्ररीच्या थ्रॉटलटाइममध्ये मुळात बंद असते. एकातून दुसऱ्यात कोड नेताना हे आठवणीत ठेवावं. आत्ताची वेळ परफॉर्मन्सच्या (कधी मागे न जाणाऱ्या) घड्याळातून घेतली, डेटमधून घेतली नाही. यंत्राचं घड्याळ मागे सरकलं तर वजाबाकी बिघडते.

पॅसिव्ह (‘हा इव्हेंट मी रोखणार नाही’ असं आधीच सांगणारा) पर्याय स्क्रोलवर लावलेला होता, तो काढला. स्क्रोल इव्हेंट रोखता येतच नाही, त्यामुळे तिथे पॅसिव्हनं काही होत नाही. तो टचमूव्ह आणि व्हीलसाठी असतो.

१८ जून

रिसाइझ, म्हणजे खिडकीचा आकार बदलल्याचा इव्हेंट. फोनवर पत्त्याची पट्टी लपली-दिसली की उंची बदलते आणि रिसाइझ येतो. रुंदी तीच असेल तर स्तंभ मोजायचे नाहीत. अँड्रॉइडवर कीबोर्ड उघडला की क्रोम १०८ पासून फक्त व्हिज्युअल व्ह्यूपोर्ट (डोळ्यांना दिसणारा भाग) आक्रसतो. स्तंभांचं काम शक्य तिथे सीएसएस ग्रिडकडे दिलं. उरलेल्यासाठी १५० मिलिसेकंदांचा डिबाउन्स.

२० जून

काउंटर. इथे शोधपेटीचं शहाणपण नेऊन ठेवलं तर नुकसान होतं.

बारकोड स्कॅनर संगणकाला कीबोर्डच वाटतो. आयएसबीएनचे १३ अंक भराभर येतात आणि शेवटी एंटर. डिबाउन्सनं १३ चा एक कॉल होतो हे ठीक, पण एंटरनंतर २५० मिलिसेकंद वाट बघण्यात अर्थ नाही, आणि एंटरला वेगळी रिक्वेस्ट पाठवली तर टायमरची दुसरी जाते. एंटरवर फ्लश: थांबलेलं काम तत्काळ होतं, टायमर पुसला जातो, रिक्वेस्ट एकच. काही थांबलेलंच नसेल तर फ्लश गप्प राहतो, म्हणून तेच पुस्तक पुन्हा स्कॅन केलं तर शोध व्हावा यासाठी एंटर आला की मागच्या मजकुराची तुलना सोडून दिली.

मग ‘द्या’ बटण. दोनदा टिचकी बसून एकच पुस्तक दोनदा दिल्याची नोंद होऊ नये म्हणून त्याला आधी एक सेकंदाचा डिबाउन्स लावला होता, पहिलीच टिचकी चालणारा. गर्दीच्या वेळी काउंटरवरच्या ताईंनी एका सभासदाची दोन पुस्तकं सेकंदाच्या आत दिली की दुसरं गळत होतं. पानावर काही चूक दिसत नाही, पुस्तक घरी जातं आणि सूचीत ते कपाटातच राहतं. आजवर सापडलेल्या दोषांत सर्वांत वाईट हाच. वेळेवरून टिचकी ओळखणंच चुकीचं होतं: दोन टिचक्यांमधलं अंतर हे सांगत नाही की पुस्तक एक की दोन.

आता बटणाला डिबाउन्स नाही. टिचकी बसली की त्या दाखल क्रमांकाचं (त्या प्रतीचं) बटण उत्तर येईपर्यंत बंद, दुसऱ्या पुस्तकाचं चालू. प्रत्येक देवघेवीला ब्राउझरच एक किल्ली देतो आणि तीच किल्ली पुन्हा आली तर सर्व्हर नवी नोंद न करता जुनंच उत्तर परत देतो. नेट मध्येच तुटून रिक्वेस्ट दुसऱ्यांदा गेली तरी हे सांभाळलं जातं. ब्राउझरातल्या कुठल्याही डिबाउन्सला ते जमलं नसतं.

२३ जून

नोंदणी फॉर्म आपोआप जपणं. डिबाउन्स २ सेकंद, कमाल थांबा १० सेकंद. कमाल थांबा इथे अत्यावश्यक: प्रस्तावनेचा लांब उतारा न थांबता भरणाऱ्याचा टायमर सतत पुढे ढकलला जातो आणि काहीच जपलं जात नाही.

पान सोडताना शेवटचा बदल गळू नये म्हणून व्हिझिबिलिटीचेंजवर, पान लपतंय असं दिसताच, फ्लश. बिफोरअनलोडवर (पान बंद होण्याआधीच्या इव्हेंटवर) विसंबता येत नाही. फोनवर ॲप बदललं आणि मागे सिस्टिमनं टॅब मारला तर तो येतच नाही. पान लपल्यावर टायमरवरही भरवसा नको: लपलेल्या टॅबमध्ये टायमर सेकंदाला एकदाच बघितले जातात, आणि क्रोम ८८ पासून पाच मिनिटं लपलेल्या पानातले एकातून एक लागलेले टायमर मिनिटाला एकदा. रिक्वेस्टॲनिमेशनफ्रेम तर पूर्ण थांबतो.

फ्लश झाला तरी आतलं काम लगेच सुटलं पाहिजे. आधी आत एक अवेट (उत्तर येईपर्यंत वाट बघणं) होता, लॉगिनचं टोकन ताजं करण्यासाठी; त्याच्या पलीकडचा फेच कधी जाई, कधी जात नसे. टोकन आता आधीच ताजं ठेवतो आणि फेच कीपअलाइव्हसह (पान बंद झालं तरी रिक्वेस्ट पुरी करू देणारा पर्याय) लगेच निघतो. कीपअलाइव्हची मर्यादा ६४ किबिबाइट, म्हणजे ६५,५३६ बाइट. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं, काना-मात्रा-हलन्त वेगळे धरून. त्यामुळे मर्यादेत सुमारे २१,८०० चिन्हं बसतात. इंग्रजीच्या अंदाजानं चाललं तर तिप्पट चुकतं. पूर्ण फॉर्मऐवजी फक्त बदललेली घरं पाठवायला लागलो.

२५ जून

चाचण्या खोट्या घड्याळावर. खऱ्या २५० मिलिसेकंदांची वाट बघणाऱ्या चाचण्या कधी पास, कधी नापास होतात, त्या सगळ्या काढल्या. डिबाउन्समध्ये टायमर आणि घड्याळ दोन्ही असतात. चाचणीत टायमर खोटा आणि घड्याळ खरं राहिलं तर निकाल विचित्र येतो. जेस्टमध्ये (चाचण्या चालवणाऱ्या साधनात) डेटसकट खोटं घड्याळ २६ मध्ये आलं आणि २७ पासून तेच मूळ पर्याय झालं. गाळणी परफॉर्मन्सचं घड्याळ वापरते, तेही खोटं झालंय का हे पहिल्याच चाचणीत तपासलं.

१७ जूनचा ०, ३०, ६०, ९०, १२०, १५० चा नमुना आहे तसा चाचणीत उतरवला. शिवाय: एकच कॉल आला तर धाव एकच व्हावी, सुरुवातीला एक आणि शेवटी पुन्हा एक नको, कॅन्सलनंतर कितीही वेळ गेला तरी धाव नको, फ्लशनंतर टायमरची दुसरी धाव नको. कॉम्पोझिशनचे इव्हेंट हातानं दोन्ही क्रमांनी पाठवले, क्रोमच्या आणि फायरफॉक्सच्या, आणि दोन्हींकडे ‘बडोदे’ पूर्ण पोचतं हे बघितलं. हातानं पाठवलेले इव्हेंट खऱ्या कीबोर्डाची जागा घेत नाहीत, म्हणून इनस्क्रिप्ट, विंडोजचा उच्चारी कीबोर्ड आणि जीबोर्ड (मराठी, गुजराती, इंग्रजी) अशी हाती तपासणीची यादी वेगळी ठेवली.

२७ जून

गाळणी चारही पानांवर लागली. शोधपेटी २५०, ५०० किंवा ६०० मजकुरानुसार, एंटरला फ्लश, वाचनाची जागा १००, शेवटच्या धावेसह, स्तंभ १५०, फॉर्म २०००, कमाल १०,०००, ‘द्या’ बटणाला काही नाही. हे आकडे कोडमध्ये एकाच फाइलीत आहेत, प्रत्येकासमोर काय गळता कामा नये ते एका ओळीत.

उरलेलं: बोलून लिहिण्याची तपासणी. माइकवरून मजकूर तुकड्यातुकड्यानं येतो आणि आधीचा तुकडा मागाहून बदलतो, त्यामुळे २५० तिथे बहुधा कमी पडतील. काउंटरच्या संगणकावर माइक नाही, म्हणून ही तपासणी फोनवरच करायची.